‘फिल्म टेस्टेड’ म्हणून आलेला कॅमेरा

जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या विक्रीच्या जाहिरातीतले शब्द असे होते: आसाही पेंटॅक्स स्पॉटमॅटिक, सोबत ५० मिमी एफ/१.४ सुपर टाकुमार; सर्व्हिस केलेला, फिल्म टेस्टेड, सगळे स्पीड चालू, लेन्समध्ये किरकोळ धूळ, काचेवर दुर्मीळ सोनेरी कोटिंग. जोडीला भरपूर फोटो आणि शटरचा आवाज ऐकवणारा छोटा व्हिडिओ. संच हाती आल्यावर पहिल्याच रोलमध्ये १/१००० सेकंदाच्या शटर स्पीडवर घेतलेल्या प्रत्येक फ्रेमची एक बाजू काळी निघाली आणि उजेडासमोरचे फोटो दुधाळ आले. अशा जाहिरातींतला एकेक शब्द तपासून घ्यावा लागतो, कारण प्रत्येकाला पळवाट ठेवलेली असते.

‘सगळे स्पीड चालू’ म्हणजे प्रत्येक स्पीडला ‘खट्’ आवाज येतो, एवढंच. या बॉडीत रबर लावलेल्या कापडाचे दोन पडदे आडवे धावतात. १/१००० ला पहिला पडदा सुटला की लगेच दुसरा त्याच्या मागे लागतो आणि मधल्या दोनेक मिलिमीटरच्या फटीतून फिल्मवर प्रकाश पडत जातो. जुनं ग्रीस घट्ट झालं की पहिला पडदा रेंगाळतो, दुसरा त्याला वाटेत गाठतो, फट मिटते आणि उरलेली फ्रेम अंधारात राहते. आवाजात याचा पत्ताही लागत नाही. लेन्स काढा, मागचं दार उघडा, मोकळ्या आकाशाकडे धरून (सूर्याकडे अजिबात नाही) १/१००० ला दहा वेळा शटर सोडा. शटरमागची, फिल्मसमोरची चौकट या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी उजळली पाहिजे. एकदा जरी कड काळी दिसली तरी सर्व्हिस झालेली नाही असं समजा.

हळू स्पीडचा व्हिडिओ तर आणखी फसवा. १ सेकंदाच्या स्पीडला अडकणारी यंत्रणा वीस-तीस वेळा शटर वाजवलं की तात्पुरती मोकळी होते आणि व्हिडिओ नेमका त्यानंतर काढलेला असतो. म्हणून मागणी अशी करा: रात्रभर न वापरलेला कॅमेरा, आपण सांगितलेला शब्द लिहिलेली चिठ्ठी शेजारी, आणि सकाळचं पहिलंच शटर १ सेकंदाला. व्हिडिओ २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये घ्यायला सांगा. १ सेकंदाला शटर २४० फ्रेम उघडं दिसायला हवं, १/३० ला साधारण ८, १/६० ला ४. त्यापुढच्या स्पीडसाठी ही मोजणी भरवशाची नाही.

‘फिल्म टेस्टेड’ म्हणून पाठवलेले स्कॅन पुरावा ठरत नाहीत. स्कॅनर उजेड-अंधार सावरून घेतो. शिवाय कलर निगेटिव्ह एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट, प्रकाश सहज पचवते, त्यामुळे १/५०० चं शटर प्रत्यक्षात १/२५० ला चाललं तरी स्कॅन सुरेख दिसतो. स्लाइड फिल्म घातली की तोच दोष उघडा पडतो. मागायचा तो न कापलेल्या निगेटिव्हच्या पट्टीचा, उजेडावर धरून काढलेला फोटो. त्यात दोन फ्रेममधलं अंतर सारखं आहे का, फ्रेमवर फ्रेम चढलेली नाही ना आणि एकाच दृश्याच्या, वेगवेगळ्या स्पीडला त्यानुसार ऍपर्चर बदलून घेतलेल्या फ्रेमचा गडदपणा एकसारखा आहे का, हे दिसतं.

आता लेन्स. ‘किरकोळ धूळ’ म्हणून दाखवलेले सगळे फोटो समोरून उजेड टाकून काढलेले होते. तशा उजेडात बुरशी जवळजवळ दिसतच नाही. लेन्सची कळ मॅन्युअलवर ठेवा, ऍपर्चर पूर्ण उघडा, मागच्या बाजूने टॉर्च तिरका धरा आणि पुढून पाहा. बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी फांद्या फुटलेली दिसते, तर धुकं अख्ख्या काचेवर सारखं पसरलेलं असतं. कडेला बुरशीचा एखादा ठिपका असेल तर रोजच्या फोटोत फरक पडत नाही, त्यासाठी चांगली लेन्स नाकारू नये. धुकं मात्र कॉन्ट्रास्ट खातं, आणि या लेन्समध्ये तेच होतं.

बुरशी घासून काढलेली असेल तर ती टॉर्चने सापडत नाही. दिव्याचं प्रतिबिंब काचेवर पाडा. शाबूत कोटिंगमध्ये प्रतिबिंब जांभळट, निळसर किंवा पिवळसर दिसतं. मध्येच पांढरा फटक डाग असेल तर तिथलं कोटिंग उडालेलं आहे. लेन्सच्या कडीच्या खाचा चेपलेल्या, स्क्रूची डोकी ओरबाडलेली असतील तर लेन्स अडाणी हातांनी उघडलेली आहे. अशा वेळी फोकसचे आटे चुकीच्या ठिकाणी बसवल्यामुळे अनंतावरचा फोकस हरवतो. ही चाचणी एम४२ च्या (या लेन्सच्या आट्याच्या जोडणीच्या) फिल्म बॉडीवरच करा. मिररलेस कॅमेऱ्याचे अडॅप्टर बहुधा किंचित आखूड असतात, त्यावर हा दोष झाकला जातो.

आणि ते ‘सोनेरी कोटिंग’! सात भिंगांच्या या सुपर टाकुमारच्या काचेत थोरियम आहे आणि त्याच्या किरणोत्सर्गानेच काच वर्षानुवर्षांत पिवळी पडते. लेन्स पांढऱ्या कागदावर ठेवली की रंग लगेच कळतो. नेहमीच्या वापरात याची भीती नाही आणि अतिनील दिव्याखाली काही दिवस ठेवली की पिवळेपणा बराच उतरतो. पण त्यासाठी जादा पैसे मोजणं म्हणजे दोषाची किंमत देणं. भर उन्हात ठेवायची झाली तर लक्ष ठेवा, भिंग ऊन एकवटतं आणि खालचं कापड पेटू शकतं.

बॅटरीच्या झाकणाखाली हिरवी पूड असेल तर मीटरची तार आतून खाल्लेली असण्याची शक्यता धरा. आरशाच्या पट्टीवरचा फोम चिकट झाला असेल तर तो बदलणं सोपं आहे, त्यावरून व्यवहार मोडायची गरज नाही.

पार्सल सलग व्हिडिओ घेत उघडा, बॉडी आणि लेन्सवरचे नंबर त्यात स्पष्ट येऊ द्या आणि या चाचण्या परतीची मुदत असतानाच, त्याच दिवशी उरका. दोष सापडला तरी स्वतः एकही स्क्रू फिरवू नका. खाचेवर आपल्या स्क्रूड्रायव्हरचा ताजा ओरखडा उमटला की दोष कुणाचा, हे विक्रेत्यासमोर सिद्ध करता येत नाही.