क्लासची फी हप्त्याने भरण्याआधी हे वाचा

५ सप्टेंबर २०२४ ला सकाळी माझ्या खात्यातून ७,००० रुपये कापले गेले. एमबीए प्रवेश परीक्षेच्या ज्या क्लाससाठी ते कापले गेले, त्याचं शटर तीन आठवड्यांपासून बंद होतं. मी बँकेत जाऊन विचारलं, तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी स्क्रीन बघून सांगितलं, "ही क्लासची फी नाहीये. हा तुमच्या कर्जाचा हप्ता आहे." माझ्या नावावर कर्ज आहे हे मला त्या दिवशी कळलं.

मी मूळची बार्शीची. बी.कॉम. करून पुण्यात एका कंपनीत बॅक ऑफिसला लागले. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचे, हातात पगार यायचा १९,५००. एमबीए करायचं डोक्यात पक्कं होतं. कॅट (आयआयएमची प्रवेश परीक्षा) बरी गेली तर उत्तम, नाही तर सीईटीवर (राज्याची प्रवेश परीक्षा) मुंबईचं जमनालाल बजाज, सिडनहॅम, निदान पुम्बा, म्हणजे पुणे विद्यापीठाचा एमबीए विभाग. अप्पांचं बार्शीत छोटं दुकान आहे, त्यांच्याकडे मागायचं नाही असं मी ठरवलं होतं. म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये ज्या क्लासने "महिना फक्त सात हजार, व्याज शून्य" असं सांगितलं, त्या क्लासमध्ये गेले. क्लासचं नाव इथे लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे.

प्रवेश कसा झाला ते नीट सांगते, कारण फसवणूक तिथेच झाली. समोर बसलेल्या मॅडम फार गोड बोलत होत्या. कोणत्या कॉलेजला किती पर्सेंटाइल लागतं, गेल्या वर्षी बार्शीचाच एक मुलगा कुठे लागला, असं सगळं चाललं होतं. बोलता बोलता आधार आणि पॅनचे फोटो घेतले. "तुझा फोन दे गं, फॉर्म भरून देते, तुझा वेळ वाचेल." मी फोन दिला. त्यांनी भराभर स्क्रीन पुढे सरकवल्या आणि मधे मधे "ओटीपी सांग" म्हणाल्या. मी तीन वेळा सांगितला. आता माहीत आहे की त्यातला एक कर्जाच्या करारावर ई-सही करण्याचा होता आणि एक खात्यातून दरमहा पैसे कापायची परवानगी देण्याचा. कराराची २२ पानांची पीडीएफ त्याच संध्याकाळी ईमेलवर आली होती. मी उघडली नाही. फीची पावती असेल असं वाटलं.

हे व्यवहार कसे चालतात ते मला फार उशिरा समजलं. आपल्याला वाटतं आपण क्लासला बारा हप्त्यांत फी देतोय. खरं म्हणजे एक फायनान्स कंपनी आपल्या नावावर ८४,००० चं कर्ज मंजूर करते, आपलं व्याज आधीच कापून घेते आणि उरलेली रक्कम पहिल्या काही दिवसांतच थेट क्लासच्या खात्यात टाकते. शून्य व्याज म्हणतात ते हेच. आपण पुढे वर्षभर फेडतो ते कंपनीला. म्हणजे मार्चच्या पहिल्या लेक्चरला मी वही उघडली, तेव्हा क्लासला माझ्याकडून मिळायचं ते सगळं मिळालेलं होतं. मला शेवटपर्यंत शिकवायचं कारणच त्यांच्याकडे उरलं नव्हतं. पुढे जे जे घडलं, ते सगळं मला याच एका गोष्टीतून उलगडतं.

एप्रिलपर्यंत बरं चाललं. मेमध्ये डीआयएलआरचे (तक्ते-आकडेवारी आणि तर्काचे प्रश्न) सर सोडून गेले, त्यांच्या जागी रेकॉर्ड केलेले व्हिडिओ आले. कॅट आणि सीईटीची एकत्र बॅच म्हणून जाहिरात होती, पण दोन्ही परीक्षांची चाल वेगळी. कॅटला दोन तास, तीन विभाग, प्रत्येकाला ४० मिनिटं, बहुपर्यायी प्रश्न चुकला की एक गुण वजा. सीईटीला १५० मिनिटांत २०० प्रश्न आणि चुकीला वजाबाकी नाही. एका प्रश्नाला ४५ सेकंद. त्या वेगाचा सराव आमच्याकडून एकदाही करून घेतला नाही.

मॉकचं, म्हणजे सराव चाचण्यांचं, तर मनाला फार लागलं. "आमच्या तज्ज्ञांनी बनवलेल्या ४० चाचण्या" असं सांगितलं होतं. जुलैमध्ये मी कॅटचे जुने पेपर सोडवायला घेतले, जे कुणालाही फुकट मिळतात, आणि एक सेट ओळखीचा वाटला. माणसांची आणि शहरांची नावं बदलून तोच सेट आम्हाला मॉकमध्ये दिला होता. त्याच मॉकमध्ये मला ९६ पर्सेंटाइल होते. मी आईला फोन करून सांगितले होते. पण पर्सेंटाइल म्हणजे तुमच्याबरोबर बसलेल्यांपैकी शंभरातले किती तुमच्या मागे, एवढंच. आमच्या मॉकला तीनशेच्या आसपास मुलं बसायची. २०२४ च्या खऱ्या कॅटला सुमारे २ लाख ९३ हजार मुलं बसली. तिथे मला ७१ मिळाले. क्लास जेव्हा मॉकमधले पर्सेंटाइल दाखवतो, तेव्हा किती मुलांमधले ते विचारा. आकडा सांगत नसतील तर त्या पर्सेंटाइलला काही अर्थ नाही.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ग्रुपवर मेसेज आला, "जागेचं काम चालू असल्याने पुढील सूचनेपर्यंत वर्ग ऑनलाइन." लगेच ग्रुपवर फक्त अॅडमिनच लिहू शकतील अशी सोय केली. ऑनलाइन एकही वर्ग झाला नाही. गणिताच्या सरांना तीन महिने पगार नव्हता, हे त्यांनीच चहाच्या टपरीवर सांगितलं. त्या सरांनी आमच्यातल्या नऊ जणांना नोव्हेंबरपर्यंत दर रविवारी एका मुलाच्या खोलीवर शिकवलं आणि एक रुपया घेतला नाही. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

"९५ पर्सेंटाइल नाही आले तर पूर्ण फी परत" असं फॉर्मवर मोठ्या अक्षरात होतं. मागच्या पानावर अटी होत्या: ९० टक्के हजेरी आणि सगळे ४० मॉक ठरल्या तारखेलाच. हजेरीचं मशीन जूनपासून बंद होतं आणि मॉक झाले २३. ती अट कुणालाच पूर्ण करता आली नसती. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलंय की क्लासने रँकची किंवा चांगल्या गुणांची हमी देऊ नये आणि विद्यार्थ्याने मधेच सोडलं तर उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत करावी. मी प्रवेश घेतला तेव्हा त्या सूचना निघालेल्या होत्या. मला माहीत असत्या तर ती हमी वाचूनच उठले असते.

रागाच्या भरात मी ऑक्टोबरचा हप्ता चुकवला, खात्यात पैसेच ठेवले नाहीत. असं करू नका. बँकेने ५९० रुपये कापले, फायनान्स कंपनीने वेगळा दंड लावला, वसुलीवाल्यांचे फोन ऑफिसात आले आणि सिबिल स्कोअर घसरला. क्लास बुडाला तरी कर्ज आपलंच राहतं. डिजिटल कर्जातून सुरुवातीच्या काही दिवसांत दंडाशिवाय बाहेर पडायची सोय रिझर्व्ह बँकेने ठेवलेली आहे, पण त्यासाठी मुद्दल परत करावी लागते आणि ती रक्कम एव्हाना क्लासकडे गेलेली असते. मी बाकीचे हप्ते फेब्रुवारीपर्यंत भरले आणि तक्रारी वेगळ्या चालू ठेवल्या.

त्यात एक गोष्ट आणखी. क्लास बंद झाल्यावर मला फोन येऊ लागले, "सीईटीचे पर्सेंटाइल वाढवून देतो, आमची आतपर्यंत ओळख आहे." त्या माणसाला माझे मॉकचे गुण तोंडपाठ होते. ते क्लासशिवाय कुणाकडेच नव्हते. मी तो नंबर ब्लॉक केला. आमच्या बॅचमधल्या एकाने मात्र ४०,००० रुपये आगाऊ दिले आणि ते गेलेच.

तक्रारीचं मी काय केलं ते सांगते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली. फायनान्स कंपनीला ईमेलने लेखी कळवलं आणि ३० दिवसांत समाधान झालं नाही म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार टाकली. दंड माफ झाला, मुद्दल नाही. पोलिसांत अर्ज दिला, त्याची पोच घेतली. जिल्हा ग्राहक आयोगात क्लास आणि कंपनी दोघांविरुद्ध गेले. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क नाही आणि वकील लागतोच असंही नाही. माझं मीच मांडते आहे.

त्या बॅचमधलं कुणी हे वाचत असेल तर आज ईमेलमध्ये कर्जाचा करार शोधा, बँकेचं स्टेटमेंट काढा, ग्रुपवरच्या मेसेजचे स्क्रीनशॉट ठेवा. आयोगात जायची मुदत दोन वर्षांची असते आणि आपली ऑगस्ट २०२४ पासून मोजली जाईल.