स्पेलमन की बेनेट?

अमेरिकेत कृष्णवर्णीय मुलींसाठी चालत आलेली कॉलेजं दोनच, आणि दोन्ही सुरू झाली चर्चच्या तळघरात. अटलांटाचं स्पेलमन १८८१ चं, पहिल्या ११ जणींतल्या बऱ्याच गुलामीतून सुटलेल्या, बायबल वाचता यावं म्हणून मोठ्या वयात अक्षरं गिरवणाऱ्या! आज तिथलं सायन्स जबरदस्त आहे, शिवाय आफ्रिकन डायस्पोराचा, म्हणजे जगभर विखुरलेल्या आफ्रिकन वंशाच्या लोकांविषयीचा कोर्स कंपल्सरी.

नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरोचं बेनेट १८७३ चं, पण फक्त मुलींचं झालं १९२६ ला. मला जास्त भिडतं ते हेच, कारण १९५८ मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या मार्टिन ल्यूथर किंगना भाषणाला गावात कुणी जागा देईना तेव्हा प्रेसिडेंट विला प्लेयरनी कॉलेजचं चॅपल उघडून दिलं, आणि १९६० मध्ये फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या लंच काउंटरवर निषेध म्हणून बसल्या, त्यामुळे इथल्या मुलींना अटकही झाली.