पऱ्हाटीचं काय करायचं: बांधावर ढीग, कुट्टी की विक्री?

कापसाची शेवटची वेचणी झाली आणि रानात पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, उभी राहिली की जालना, परभणी, बीडकडे घरोघरी हा प्रश्न निघतो. बहुतेकांचा हिशोब मजुरी आणि सरपणाचा असतो. माझ्या मते खरा हिशोब पऱ्हाटीला लटकलेल्या वाळक्या बोंडांचा आहे.

एखादं कवडी झालेलं, म्हणजे नीट न उमललेलं बोंड फोडून बघा. दोन सरक्या जाळीने एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या तर नखाने सोडवा. आत गुलाबी बोंडअळी अंगाची गुंडाळी करून पडलेली सापडते. ती सगळा उन्हाळा अशीच काढते आणि पावसाचा ओलावा मिळाला की पतंग होऊन बाहेर पडते. २०१७ साली याच अळीने, बोंडअळीला तोंड देण्यासाठी जनुक घातलेल्या बीटी कपाशीचीही दाणादाण उडवली होती.

म्हणून बांधावरचा ढीग सगळ्यात स्वस्त दिसतो, पण मला तो सगळ्यात महाग वाटतो. आपला ढीग शेजाऱ्याच्या रानालाही पुरतो. चुलीसाठी काड्या हव्याच असतील, तर आधी बोंडं झोडून, गोळा करून जाळा आणि मगच काड्या रचा.

खोल काळ्या रानाला मी ट्रॅक्टरच्या श्रेडरने कुट्टी, म्हणजे बारीक तुकडे, करायलाच सांगेन. बोंडांचा चुरा होतो, बऱ्याच अळ्या तिथेच मरतात आणि आपल्या जमिनीत कमी पडणारा सेंद्रिय कर्ब रानातच राहतो. मात्र पऱ्हाटी लाकडासारखी टणक. कोरडवाहू रानात मृगापर्यंत ती फारशी कुजत नाही, आणि कुजायला लागली की जिवाणू जमिनीतला नत्र ओढतात. पुढचं पीक सुरुवातीला पिवळं पडतं ते त्यामुळे. पेरणीच्या वेळी नत्राची मात्रा थोडी वाढवली की भागतं. कुट्टी बारीकच हवी. जाड धसकटं राहिली तर ती बैलाच्या खुरात आणि ट्रॅक्टरच्या टायरात घुसतात.

रानात मूळकूज किंवा मर हे रोग दिसले असतील तर मात्र कुट्टी नको. पऱ्हाटी उपटायच्या चिमट्याने मुळासकट उपटा आणि पांढरा कोळसा, म्हणजे काडीकचरा दाबून केलेल्या जळणाच्या कांड्या, करणाऱ्या कारखान्याला द्या. पऱ्हाटी हलकी आणि जागा खाणारी, त्यामुळे कारखाना लांब असला तर भाड्यातच पैसे जातात. गाडी कधी येणार ते आधी पक्कं करा, नाहीतर विक्रीच्या नावाखाली पुन्हा ढीगच पडून राहतो.

जागेवर पेटवून देण्यात नत्र आणि कर्ब दोन्ही जातात, हाती राखेतलं थोडं पालाश उरतं. तो मार्ग मी धरतच नाही.

यातलं काहीही निवडा, पण डिसेंबरअखेर रान मोकळं करा. पाणी आहे म्हणून फरदड धरली, म्हणजे तीच कपाशी पाणी देऊन पुढे चालू ठेवली, तर अळीला आणखी एक पिढी वाढवायला बोंडं मिळतात, मग कुट्टीचा खर्चही फुकट. घरात भाव वाढायची वाट बघत ठेवलेल्या कापसातूनही पतंग निघतात. त्या खोलीत एक कामगंध सापळा, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारा सापळा, टांगा. जूनमध्ये पाऊस पुरेसा झाल्याशिवाय कपाशी लावू नका, म्हणजे आधी निघालेल्या पतंगांना अंडी घालायला पात्या (कळ्या) आणि फुलंच मिळणार नाहीत.