कापडी डायपर, दहा महिने आणि पहाटेचा तो भपकारा

पहिल्या महिन्यात याच डायपरचं कौतुक मी दहा जणांना ऐकवलं होतं. जुलैत एका पहाटे चारला लेकीचा डायपर काढला आणि डोळ्यांतून घळकन पाणी आलं. एसटी स्टँडच्या मुतारीत शिरल्यासारखा भपकारा! गंमत म्हणजे धुऊन, वाळवून घडी घातलेल्या डायपरला काही वास नाही. ओला झाला की दोन मिनिटांत झणका.

आमच्याकडे खिशाचे चोवीस आहेत, म्हणजे बाहेर कव्हर आणि त्याच्या खिशात पॅड; आत घालायचे बांबूच्या धाग्याचे पॅड त्यांच्यासोबतच आलेले. घरात वाटणी पहिल्याच दिवशी झाली, पाजायचं बायकोने, धुवायचं मी. तेव्हा हे सगळं धुण्याच्या दगडावरून लिहितोय असं समजा.

कंपनीला फोन केला. "सर, पावडर जास्त पडतेय, अजून कमी करा." पाकिटातल्या कार्डावर चमचाभर लिहिलेलं, मी अर्ध्यावर आलो. पावडर वाचते म्हणून मनातून खूशही झालो, खोटं कशाला बोलू. वास वाढला. पुन्हा फोन केला तर म्हणे गरम पाण्यात धुतलं असेल, मग वॉरंटी नाही. तुमच्याकडे पाणी कसलं येतं, हे एकानेही विचारलं नाही.

ते कळलं गीझरवाल्याकडून. कॉइल बाहेर काढली तर तिच्यावर बोटभर पांढरी खपली. आम्ही वाघोलीत राहतो, बोअर आणि टँकरवर. म्हणजे जड पाणी. त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम आधी पावडर खाऊन टाकतं, कपड्याच्या वाट्याला उरतं काय? अर्धा चमचा! लघवी धाग्यात साचत राहते, जंतू तिच्यातल्या युरियाचा अमोनिया करतात. साबण जास्त नव्हताच, मी डायपरला उपाशी ठेवत होतो.

सगळे पॅड धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात रात्रभर भिजवले. सकाळी बादलीत कोऱ्या चहासारखं पाणी. हे पॅड मी 'स्वच्छ' म्हणून लेकीला लावत होतो! आता कपड्यांना घालतो तेवढीच पूर्ण पावडर, वर चमचाभर सोडा, पॅडना 60 अंशांचं पाणी आणि शेवटी दोनदा खळबळणं. बाहेरची कव्हरं मात्र साध्या पाण्यात. तिसऱ्या धुण्याला वास गेला, तो आजतागायत आलेला नाही. कपडे मऊ करायचं सॉफ्टनर घालत असाल तर आजच बंद करा, त्याचा थर बसला की कापड शोषतच नाही. पुरळावरच्या पांढऱ्या झिंकच्या मलमाचंही तेच. आमच्या एका पॅडवर पाणी अळूच्या पानावर राहावं तसं थेंब थेंब उभं राहायचं. आता मलम लावलं की वर मलमलची पातळ घडी ठेवतो.

इथपर्यंत लिहून चार तारे द्यायचे ठरवलं होतं. पण पावसाळा आठवला. बांबूचे पॅड पंख्याखाली दोन दोन दिवस ओलेच. आईने जुन्या सुती साडीचे लंगोट शिवले होते, ते दोन तासांत खडखडीत. "त्या खिशात हेच कोंब ना," ती म्हणाली. कोंबले. तीन पदरी घडी दुपारची झोप आरामात काढते, रात्री दोन घालतो. म्हणजे हे आधी सुचतं तर कव्हरं दहा-बाराच घेतली असती, पॅडचे पैसे वाचले असते. एक तारा तिथे कमी.

राहिलं इलॅस्टिक. एप्रिलच्या उन्हात कव्हरं दिवस दिवस गच्चीवर टाकली, ही चूक माझी. डाग उडायला पॅडला ऊन हवंच, कव्हरला सावली. तीन कव्हरांच्या मांडीकडच्या कडा सैल पडल्या. कंपनी म्हणाली, नवीन घ्या. कोपऱ्यावरच्या शिंप्याने तिन्हीचं बदलून दिलं, नव्वद रुपयांत.