रोल्स-रॉईस ट्वेंटी: इंजिनची थरथर आणि अडकलेला डॅम्पर (वापरानंतरचा अनुभव)

डर्बीजवळ राहायला आल्यावर डर्बीतच बनलेली जुनी गाडी घ्यायचा हट्ट मी पुरवला आणि १९२६ सालची रोल्स-रॉईस ट्वेंटी आता बरेच महिने वापरतो आहे. ३१२७ सीसीचे सहा सिलिंडरचे इंजिन आणि चार गिअर वाचकांना ठाऊकच असतील, म्हणून थेट तक्रारीवर येतो. टॉप गिअरमध्ये ताशी तीस मैल ओलांडले की पायाखालची फळी थरथरू लागे, पुढून टायमिंग गिअरची (इंजिनच्या व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणाऱ्या दातेरी चाकांची) खडखड ऐकू येई आणि वेग आणखी थोडा वाढवला की दोन्ही नाहीसे होत.

ज्या वर्कशॉपमध्ये गाडी दाखवली, त्यांनी "जुन्या गाड्या अशाच चालतात" असे आधी सांगितले आणि मग क्रँकशाफ्ट (पिस्टनांच्या वर-खाली होण्याने फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा) उतरवून बॅलन्स करण्याचे अंदाजपत्रक हाती ठेवले. तो आकडा पाहून मी गाडी घरी आणली. एका रांगेतल्या सहा सिलिंडरच्या इंजिनात पिस्टनांच्या वर-खाली होण्याने निर्माण होणारी बले एकमेकांना जवळजवळ पूर्णपणे रद्द करतात. मग असमतोलाचा संशय पहिलाच का यावा, आणि खर्च नसलेल्या तपासण्या सोडून का द्याव्यात?

त्या तपासण्या मी केल्या. त्याच वेगात न्यूट्रल करून गाडी घरंगळू दिली, तेव्हा थरथर थांबली. म्हणजे चाके आणि प्रॉपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे शक्ती नेणारा दांडा) निर्दोष. तिसऱ्या गिअरमध्ये ती कमी वेगाला, पण इंजिनच्या त्याच सुरावर आली. लाकडी मुठीच्या स्क्रूड्रायव्हरने एकेक प्लग इंजिनच्या धातूला टेकवून निकामी केला, तर प्रत्येक वेळी इंजिन सारखेच मंदावले, म्हणून मिसफायरही (एखाद्या सिलिंडरमध्ये स्फोट चुकणे) नव्हे. शेवटी उभ्या गाडीत स्टिअरिंगवरच्या थ्रॉटलच्या दांडीने इंजिन नेमके त्या गतीवर धरले आणि शेजारच्या दांडीने इग्निशन मागे घेतले, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा पाडली: थरथरीचा जोर उतरला, पण ती ज्या गतीवर येई ती गती तसूभरही हलली नाही. हे लांब क्रँकशाफ्टच्या पिळवटण्याचे लक्षण आहे. प्रत्येक स्फोट शाफ्टला किंचित पीळ देतो, आणि स्फोटांची लय शाफ्टच्या स्वतःच्या लयीशी जुळली की पीळ वाढत जातो. डेमलरच्या सहा सिलिंडरच्या इंजिनांना हेच दुखणे होते, आणि त्यावर फ्रेडरिक लँचेस्टरने १९१० च्या सुमारास डॅम्परचा, म्हणजे ही थरथर शोषून घेणाऱ्या भागाचा, उपाय काढला. रॉईसनेही असाच डॅम्पर म्हणून क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकाला घसरू शकणारे छोटे फ्लायव्हील (जड चाक) बसवले, जे घर्षणातून ही ऊर्जा खाऊन टाकते.

रेडिएटर उतरवून टायमिंगचे झाकण काढले, तेव्हा ते फ्लायव्हील जुन्या तेलाच्या चिकट थराने शाफ्टशी घट्ट जखडलेले निघाले. जे घसरतच नाही, ते नुसते ओझे. चकत्या बदलून, स्प्रिंगचा ताण जुळवून सारे परत बसवल्यावर त्या वेगाला आता किंचित गुणगुण तेवढी उरली आहे.

पहिल्या महिन्यांत मी या इंजिनला फार तर काठावर पास केले असते. आज ते या गाडीतला सर्वांत समजूतदार भाग वाटते. पेट्रोल ती भरपूर पिते आणि सीट ठीक आहेत, त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही. घेणाऱ्याने मात्र रंग आणि निकेलची चमक पाहण्याआधी डॅम्पर शेवटचा कधी उघडला होता, हे विचारावे आणि कागद मागावा. वर्कशॉपने क्रँकशाफ्टच्या त्या निदानासाठी वेगळे तपासणी शुल्क घेतले होते. ते परत मिळावे म्हणून माझा पत्रव्यवहार अजून चालू आहे.