एक्सेलचा पॅरेटो चार्ट: टॉवेल कारखान्याच्या कामाचा आहे का?

पॅरेटो चार्ट म्हणजे दोष मोठ्यापासून लहानापर्यंत खांबांनी आणि त्यांच्या बेरजेचे वाढत जाणारे टक्के रेषेने दाखवणारा आलेख. एक्सेल २०१६ पासून तो तयार मिळतो: दोष आणि संख्या असे दोन कॉलम निवडा, इन्सर्टमध्ये हिस्टोग्रामच्या बटणाखाली तो आहे. उतरता क्रम तो स्वतः लावतो, सारख्या नावांची बेरीजही करतो. पण क्लार्कने एकदा ‘तेल डाग’ आणि एकदा ‘तेलाचे डाग’ लिहिलं, की दोन वेगळे खांब! आधी नावं एकसारखी करा.

खरी अडचण रेषेची. तिच्यावर टक्के लिहून येत नाहीत, आणि ‘इतर’ मोठं असेल तर ते शेवटी न राहता मध्येच घुसतं. म्हणून सोलापुरी टॉवेलवाल्यांनी कॉम्बो चार्टच (खांब आणि रेषा एकत्र असलेला) हाताने करावा. समजा २०० दोष: ताणा (उभे धागे) तुटणे ८४, तेलाचे डाग ५६, किनार खराब २४, रंगफरक २०, इतर १६. संचयी (आधीचे मिळवत जाणारे) टक्के ४२, ७०, ८२, ९२, १००. रेषा दुय्यम (उजव्या) अक्षावर घ्या आणि त्याची कमाल १०० टक्क्यांवर बांधा. एक्सेल ती कधीकधी १२० दाखवतं. डाव्या अक्षाची कमाल २०० ठेवली की रेषा पहिल्या खांबाच्या माथ्यापासूनच सुरू होते.

नुसती संख्या मात्र फसवते. ताणा तुटल्याने नगामागे १२ रुपये जात असतील आणि खराब किनारीने ५०, तर नुकसान १,००८ विरुद्ध १,२००. तिसऱ्या नंबरची किनार ताण्याच्या पुढे गेली. हा रुपयांचा कॉलम तुम्हालाच भरावा लागतो.

महिन्याच्या मीटिंगपुरता तयार चार्ट चालेल. रोजच्या तपासणीला कॉम्बोच.