बफ आधी की लढाई आधी: ‘पिलर्स ऑफ इटर्निटी’ आणि ‘पाथफाइंडर: किंगमेकर’

‘बाल्डर्स गेट’ या जुन्या कॉम्प्युटर रोल-प्लेइंग गेमच्या जातकुळीतलं काहीतरी खेळायचंय, पण १९९८ चा गेम आता डोळ्यांना सोसत नाही, असं कुणी म्हटलं की दोन नावं हमखास पुढे येतात: ‘पिलर्स ऑफ इटर्निटी’ आणि ‘पाथफाइंडर: किंगमेकर’. दोन्हींत तोच वरून तिरका बघणारा कॅमेरा, सहा जणांची पार्टी (म्हणजे तुमचं पात्र आणि साथीदार), स्पेसबार दाबला की गोठणारी लढाई आणि पानंच्या पानं संवाद. दोन्ही किकस्टार्टरवरच्या लोकवर्गणीतून उभे राहिले. ‘पिलर्स’ला २०१२ मध्ये जवळपास ४० लाख डॉलर मिळाले आणि तो २०१५ मध्ये आला. ‘किंगमेकर’ची वर्गणी नऊ लाखांच्या थोडी वर, गेम २०१८ चा. मी दोन्ही शेवटपर्यंत खेळलोय. पुन्हा पुन्हा इन्स्टॉल होतो तो मात्र एकच, आणि त्याचं कारण कथा, ग्राफिक्स किंवा लांबी यांपैकी काहीच नाही.

‘पिलर्स’ची सुरुवात जड आहे, हे आधीच सांगून टाकतो. डिरवुड नावाच्या प्रदेशात बाळं आत्म्याविना जन्माला येतायत, तुमच्या पात्राला लोकांचे मागचे जन्म दिसायला लागलेत, आणि त्यात देव, पंथ, जुनी युद्धं असं सगळं पहिल्या काही तासांतच अंगावर येतं. पहिल्या गावात शिरलं की मधोमध झाडाला प्रेतं लटकलेली. वातावरण जबरदस्त, पण हसू फुटेल असे प्रसंग कमी. भरीला सोनेरी नावपट्टीची पात्रं जागोजागी उभी असतात. ती वर्गणीदारांची आहेत, मुख्य कथेशी त्यांचा काडीचा संबंध नाही. त्यांचं एकही अक्षर न वाचता पुढे गेलात तरी काही बिघडत नाही. नवे लोक नेमके तिथेच अडकतात आणि कंटाळून गेम सोडतात.

‘किंगमेकर’ उलट पहिल्या मिनिटापासून सरळ बोलतो. तीन महिन्यांत डाकूंचा सरदार संपवा, जमीन तुमची. पुढे तुम्ही खरोखरच जहागीरदार होता, गावं वसवता, सल्लागार नेमता, आणि तेच सल्लागार तुमच्या पार्टीतही असतात. साथीदारांच्या बाबतीत मी ‘किंगमेकर’ला पुढे ठेवीन. तुमचीच गोष्ट लिहून काढणारी लिन्झी, सगळ्या जगाला मूर्ख समजणारा जुबिलोस्ट, स्वतःला महान वीर मानणारा गॉब्लिन नोक-नोक ही मंडळी गेम संपल्यावरही डोक्यात बोलत राहतात. ‘पिलर्स’मध्ये त्या तोडीचा ड्युरन्स आहे, एडेर कुणालाही आवडेल असा आहे, बाकीचे ठीक.

राज्यकारभारावर मतं टोकाची असतात. पत्त्यांसारख्या कार्डांवर सल्लागार नेमायचे, दिवस पुढे ढकलायचे, आणि मध्येच एखाद्या विभागाचा दर्जा वाढवायला चौदा दिवस एकदम घालवायचे. काहींना हा वैताग वाटतो. मला वाटला नाही. उलट घड्याळ चालू आहे या जाणिवेने निर्णयांना वजन येतं. ‘पिलर्स’मधला काएड नुआचा किल्ला त्यापुढे निर्जीव आहे. पैसे भरा, भिंत बांधून घ्या, संपलं. त्याच्या खालचं पंधरा मजली भुयार मात्र चुकवू नका.

पात्रं घडवण्यात दोघांचा स्वभाव वेगळा. ‘किंगमेकर’ टेबलावर फाशांनी खेळायच्या ‘पाथफाइंडर’चे नियम जवळपास तसेच उचलतो: विसाव्या लेव्हलपर्यंतचा प्रवास, क्लासची (पात्राच्या पेशाची) हवी तशी सरमिसळ, फीट्सची (खास कौशल्यांची) न संपणारी यादी. बिल्ड, म्हणजे पात्राच्या गुण-कौशल्यांची मांडणी, जुळवत बसणं हाच ज्यांचा खेळ, त्यांनी इथेच वाचणं थांबवून तो घ्यावा. ‘पिलर्स’मध्ये कुठलाच गुण वाया जात नाही. ‘माइट’ (ताकद) वाढवली तर तलवारीचाही वार वाढतो आणि जादूगाराच्या मंत्राचाही. पात्र फसण्याची भीती कमी, पण लेव्हल वाढल्यावरची ती उकळीही कमी.

आता माझा निर्णय जिथे झाला त्या मुद्द्याकडे येतो. ‘किंगमेकर’मध्ये बहुतेक बफ, म्हणजे आपल्या लोकांचं बळ किंवा संरक्षण काही काळ वाढवणारे मंत्र, लढाई सुरू होण्याआधी टाकता येतात, आणि जे टाकता येतं ते टाकावंच लागतं. वार लागतो की नाही हे गेम वीस बाजूंच्या फाशावर ठरवतो, आणि त्यावर प्रत्येक +१ म्हणजे पाच टक्के. शत्रूंचे आकडे फुगवलेले, त्यामुळे त्या पाच-पाच टक्क्यांची बेरीज केल्याशिवाय तुमचे वार लागतच नाहीत. मग दारासमोर उभं राहायचं. बार्कस्किन या दोघांवर, शील्ड स्वतःवर, ब्लेस सगळ्यांवर, विषाची शंका असेल तर डिले पॉइझन, शत्रूचे वार हुकवायचे असतील तर डिसप्लेसमेंट, आणि हेस्ट अगदी शेवटी, कारण ते काही राउंडच टिकतं. आयकॉन, पोर्ट्रेट, आयकॉन, पोर्ट्रेट. एवढं करून दार उघडायचं तर आत एकटा कोळी. किंवा लांबलचक संवाद. बफ आतल्या आत विरत असतात आणि तुम्ही नम्रपणे उत्तरं निवडत बसता.

खरा त्रास त्या क्लिकचाही नाही. दारामागे काय आहे हे माझ्या पात्राला ठाऊक नसतं. मला ठाऊक असतं, कारण आधी एकदा आत जाऊन मी मेलेलो असतो. मग रीलोड करायचं आणि नेमके तेच बफ टाकून परत जायचं. म्हणजे तयारीची अक्कल मला जगातून मिळत नाही, सेव्ह फाइलमधून मिळते. भूमिका वठवण्याच्या खेळात हे मला फार खुपतं. शेवटाकडच्या एका कुप्रसिद्ध ठिकाणी तर योग्य संरक्षण नसेल तर अख्खी पार्टी एका नजरेत खिळून बसते, आणि ते संरक्षण कोणतं हे बहुतेकांना आधी खिळून बसल्यावरच कळतं.

‘पिलर्स’ने हा प्रश्न एका साध्या नियमाने सोडवलाय: लढाई सुरू झाल्याखेरीज असे मंत्र टाकताच येत नाहीत. ऐकायला किरकोळ वाटतं, पण त्याने सगळी गंमत बदलते. पहिल्या काही सेकंदांत पुरोहिताने सगळ्यांना बळ द्यायचं, की पुढच्या फळीतला योद्धा कोसळतोय त्याला सावरायचं? एक केलं तर दुसऱ्याला उशीर होणार. बफ ही फुकटची पूर्वतयारी उरत नाही, त्याची किंमत लढाईतल्या वेळात मोजावी लागते. शिवाय इथला फासा शंभराचा आणि ‘पूर्ण चुकला’ व ‘नीट लागला’ यांच्यामध्ये ‘घासून गेला’ अशी पायरी, म्हणजे निम्मा परिणाम. त्यामुळे एका वाईट फाशाने डाव उधळला, असं क्वचितच वाटतं. ‘हार्ड’ या अवघड पातळीवर विश्रांतीचे संच (मुक्काम टाकायचं सामान) एका वेळी दोनच बाळगता येतात. त्या चणचणीने प्रत्येक लढाई पुढच्या लढाईशी जोडली जाते.

‘पिलर्स’च्या लढाईत खोट नाही असं नाही. सहा जण, दहा शत्रू, वर मंत्रांची रंगीत धूळधाण, की कोण कुठे उभा आहे तेच दिसत नाही. अरुंद दारात आपलेच लोक एकमेकांना अडवतात. तिथे ‘किंगमेकर’ची एक सोय फार मोलाची: २०२० च्या अपडेटपासून लढाईच्या मधोमध टर्न-बेस्ड मोड चालू-बंद करता येतो. किरकोळ टोळकं रिअल टाइममध्ये उरकायचं, मोठा शत्रू आला की एकेक चाल. ज्यांना थांबवत-थांबवत खेळणं जमत नाही त्यांनी फक्त एवढ्यासाठी ‘किंगमेकर’ निवडला तरी मी वाद घालणार नाही.

बफांचा जाच माझ्याइतका इतरांना होईलच असं नाही. अशी पूर्वतयारी करण्यातच रमणारे कितीतरी खेळाडू आहेत, आणि अडचण पातळीच्या सेटिंगमध्ये शत्रूंचे आकडे वेगळे कमी करता येतात. ते खाली आणले की निम्म्या बफांची गरज संपते. ‘किंगमेकर’ घेतलात तर पहिलं काम तेच करा, आणि जवळ अल्केमिस्ट्स फायरच्या (फेकून आग लावायच्या) बाटल्या ठेवा, कारण सुरुवातीच्या गुहेतल्या कोळ्यांच्या झुंडीवर तलवार काम करत नाही. ‘पिलर्स’ घेतलात तर ‘द व्हाइट मार्च’ या विस्ताराचे दोन्ही भाग सोबत घ्या. मूळ गेमपेक्षा तिथल्या लढाया चांगल्या बांधल्यात, आणि मुख्य कथा संपवायला निघण्याआधी ते उरकलेले बरे. मला विचाराल तर, दोन्हीपैकी एकच घ्यायचा असेल तर ‘पिलर्स’ घ्या, फक्त पहिल्या गावात सोनेरी नावपट्टीवाल्यांशी बोलत बसू नका.